सांगणारे आणि नेणारे : डहाणू-तलासरीवरचे माहितीपट

‘कहानकार : अहंकार’ हा ३८ मिनिटांचा माहितीपट १९९५ साली तयार झाला. दिग्दर्शन अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या जोडीचे. दोघेही तेव्हा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या माध्यम विभागात शिकवत होते, आणि त्या विभागाचे निर्मितीघर म्हणजे फार मोठा कारखाना नव्हता. दोन माणसे, थोडे सहकारी, व्हिडिओचा कॅमेरा. चित्रपटाचा विषय वारली. आमच्या भागावर आजवर जे माहितीपट माझ्या पाहण्यात आले त्यांत मी याला वरचे स्थान देतो, आणि पुढे जे काही लिहिणार आहे ते याच चित्रपटाची फुटपट्टी हातात धरून. मी विद्यापीठातला माणूस नाही. तलासरी-डहाणूवर छापलेले आणि चित्रित केलेले जे हाती लागेल ते गेली बरीच वर्षे जमवत, वहीत उतरवत आलो, एवढाच माझा अधिकार.

चित्रपटाच्या नावापासून सुरुवात करायला हवी. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘गोष्ट घडवणारा, गोष्ट नेणारा’ असा. एका बाजूला वारल्यांच्या स्वतःच्या गोष्टी आणि चित्रे, दुसऱ्या बाजूला बाहेरच्यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवलेले शब्द, अशी मांडणी. आता हे ध्यानात घ्या की असे नाव देणारा दिग्दर्शक स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे? तोही बाहेरून आला आहे, तोही गोष्ट घेऊन देवनारला परत जाणार आहे. म्हणजे नावातला ‘अहंकार’ हा शब्द इंग्रज अधिकाऱ्याला जितका लागू आहे तितकाच कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला. स्वतःच्या चित्रपटाच्या पहिल्याच पाटीवर स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवण्याचे धाडस आपल्याकडे फार थोड्यांनी केले आहे.

मराठी वाचकाला ‘कहाणी’ म्हटले की श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या आठवतात. त्या सगळ्या शेवटी सुफळ होतात, राजाला राज्य मिळते, उतणाऱ्या-मातणाऱ्याला शिक्षा होते. वारल्यांच्या ज्या कहाण्या बाहेर गेल्या त्यांचे फळ मात्र निराळ्याच अंगणात पडत आले. हा इतिहास जुना आहे आणि तो माहीत असल्याशिवाय या चित्रपटाची किंमत कळत नाही.

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वारली येतात ते जमातींच्या यादीत. घरे कशी, दारू किती, देव कोणते. त्यानंतर डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा १९३९ चा अहवाल येतो. त्याने वेठबिगारीची पद्धत स्पष्ट नोंदवली, आणि सरकारी अहवाल असूनही त्याची भाषा जमीनदारांना झोंबणारी आहे. मग १९४५ मध्ये के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. लग्नविधी, देवदेवता, गाणी, सगळे त्यात आहे. आणि त्याच १९४५ साली, २३ मे रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. एकीकडे वारली कोण हे पुस्तकात पक्के होत होते, आणि दुसरीकडे वारली कोण हे झरीच्या माळावर बदलत होते. संशोधनाच्या कामात मला यापेक्षा जास्त विचारात टाकणारा योगायोग सापडलेला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला काय झाले ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले आहे. पुस्तक १९७० चे, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले, त्यामुळे अनेकांच्या घरी असेल. गवतकापणीचा संप चालू होता. ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी हवी, ही मागणी. डहाणू भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यावर जमीनदार गबर होत. संप मोडायचा तर काहीतरी युक्ती हवी. तेव्हा आदिवासींत अफवा सोडण्यात आली की गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या. आणि पोलिसांना सांगण्यात आले की आदिवासी हत्यारे घेऊन चालून येताहेत. १० ऑक्टोबरला लोक जमले, गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे पहिले नाव. आजही तलासरी-डहाणूत ते घेतले जाते.

हा प्रसंग मी इथे सांगतो आहे तो केवळ आदरापोटी नाही. एकच जमाव, त्याच्याविषयी दोन गोष्टी, दोन वेगळ्या श्रोत्यांना. ज्यांची गोष्ट होती त्यांना ती कोणी विचारली नाही. ‘कहानकार : अहंकार’ ज्या दुखण्यावर बोट ठेवतो ते हे आहे. गोष्ट दुसऱ्याने सांगितली की तिचा परिणाम कधीकधी पाच माणसांच्या जिवावर होतो. चित्रपटाच्या चर्चेत आपण ‘प्रतिनिधित्व’ वगैरे शब्द वापरतो ते मला म्हणूनच फार गुळगुळीत वाटतात.

स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या नजरेला नवा विषय मिळाला, तो म्हणजे चित्रे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूत आले. हेच कुलकर्णी आधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांना कागद पुरवण्याच्या कामावर होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे त्यांच्यामुळे शहरापर्यंत पोहोचली. पुढे मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. १९८८ मध्ये यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रविश्वावरचा ग्रंथ आला. हे सर्व चांगलेच झाले, त्यात वाद नाही. पण कॅमेऱ्यासाठी गेरूच्या भिंतीवरचे तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र हा इतका सोपा विषय ठरला की त्या भिंतीच्या आतला माणूस दिसेनासा झाला. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, धवलेरी गाते, आत पालघट देवी असते, आणि लग्न लागल्यावर त्या चित्राचे काम संपते. माहितीपटात मात्र बहुधा एक पुरुष अंगणात कापडावर चित्र काढत असतो, त्याच्या हाताचे जवळून दृश्य, मागे तारपा.

या तारप्याविषयी जरा बोलतो. तारपा भाताच्या हंगामाचा. दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचे ते वाद्य. नवे भात तयार होऊ लागले की त्याचे दिवस येतात. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी चित्रफितींत डोंगर उन्हाळ्याने करपलेले आहेत, झाडांना पान नाही, आणि ध्वनिपट्टीवर तारपा घुमतो आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला यात काही खटकणार नाही. इथल्या शाळकरी पोराला खटकते. गणपतीची आरती होळीच्या दृश्यावर लावली तर पुण्यात जे होईल तेच.

आता पुन्हा मोंतेरो-जयशंकर यांच्याकडे. त्यांच्या चित्रपटाने गोष्टी आणि चित्रे घेतली, पण त्यांना शोभेच्या वस्तू केले नाही. वारल्यांची गोष्ट त्यांनी बाहेरच्यांच्या नोंदीसमोर उत्तर म्हणून उभी केली. गोष्ट म्हणजे ‘लोकसाहित्य’ नावाच्या बरणीतले लोणचे नसते, तीही इतिहास सांगण्याची एक रीत असते, असे तो चित्रपट मानतो. त्या काळात माहितीपटाची सवय वेगळी होती. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाली, आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचे लघुपट दाखवणे सक्तीचे होते. त्यातला तो भारदस्त निवेदक आमच्या पिढीच्या कानात अजून आहे. तो सगळे जाणत असे. पडद्यावरच्या माणसाला बोलायची गरजच पडत नसे. त्या निवेदकाला खाली बसवणारे जे थोडे लोक होते त्यांत ही जोडी आहे.

तरी माझा एक आक्षेप राहतोच. नेणाऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून गोष्ट आणि चित्र यांचीच निवड का? नेणाऱ्यालाही नेमके तेच आवडत आले होते. या चित्रपटाने प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी साधन घेतले ते नंतरच्या लोकांना फार सोयीचे निघाले. त्यांनी चित्रे ठेवली, गोष्टी ठेवल्या, प्रश्न तेवढा गाळला. याचा दोष १९९५ च्या दिग्दर्शकांना देणे अन्यायाचे होईल. पण एखादी कलाकृती आपल्या मागे काय ठेवून जाते हे पाहणे समीक्षेत बसते.

त्यांनी स्वतः मात्र तो प्रश्न सोडला नाही. १९९७ च्या चित्रपटात ते येरवडा कारागृहात गेले आणि कविता लिहिणाऱ्या, कला जपणाऱ्या बंदिवानांना बोलते केले. २००१ च्या ‘साचा’त नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत, आणि गिरणगाव आहे. हा चित्रपट मराठी वाचकाने जरूर पाहावा. साचा म्हणजे गिरणी कामगाराच्या बोलीत माग. सुर्वे गिरणगावच्या रस्त्यावर, गिरणी कामगाराच्या घरात वाढले. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता कामगारांची शरीरे रंगवत राहिले. एक आतला, दुसरा बाहेरून आलेला, आणि दोघांच्या मध्ये १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेले शहर. सांगणारा आणि पाहणारा यांना समोरासमोर बसवायची ही युक्ती १९९५ च्या चित्रपटात त्यांना पुरती साधली नव्हती असे मला वाटते. इथे ती साधली, कारण इथे सांगणाऱ्याला नाव आहे, पुस्तके आहेत, सभेत टाळ्या आहेत. सुर्व्यांची गोष्ट कोणी नेऊ शकत नाही, ती त्यांच्या नावावर चढलेली आहे. २००३ च्या ‘नाता’मध्ये धारावीत सलोख्याचे काम करणारे भाऊ कोरडे आणि वकार खान आहेत, आणि त्यांच्याबरोबर दिग्दर्शक जोडी स्वतःलाही त्याच प्रश्नात ओढते. पुढे २०११ मध्ये कच्छच्या रणाकाठच्या पशुपालक जतांवर ‘सो हेद्दान सो होद्दान’. शाह अब्दुल लतीफ यांचे काव्य गाणारी ही माणसे. त्या काव्याला सीमा ठाऊक नाही, तारेच्या कुंपणाला आहे. वारली चित्रपटातून निघालेली वाट या सगळ्यांतून जाते. फरक इतकाच की पुढे त्यांनी बहुतेक वेळा असे लोक निवडले ज्यांच्या सांगण्याला आधीच काही मान होता. नाव नसलेल्या म्हातारीची गोष्ट तिच्या नावावर कशी ठेवायची, हा अवघड भाग तलासरीतच पडून राहिला.

आणि तो आता लहान निर्मिती कंपन्यांच्या हाती आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आले. काम झाले की त्याची चित्रफीत हवी. मुंबईत दोन-चार मित्रांनी चालवलेली निर्मिती कंपनी असते, तिला वर्षभराचे भाडे याच कामातून सुटते. मी या मंडळींना शत्रू मानत नाही. त्यांतले अनेक जण मनापासून माहितीपट करायला आले आहेत, आणि पोटासाठी पाच मिनिटांच्या फिती करतात. दोन दिवसांत काम उरकायचे, आठवड्यात संकलन, शेवटी बोधचिन्हे. सुरुवातीला ड्रोनवरून डोंगर. मग विहिरीवर बाई. मग शाळेत मुले हसताना. ही बाई कोण, ते फितीत कळत नाही. कोणत्या संस्थेने किती टाक्या बांधल्या हे मात्र कळते.

या फितींची सर्वांत मोठी चूक मी उपशीर्षकांत पाहतो. वारली बोली ऐकणाऱ्या शहरी कानाला ती मोडकी मराठी वाटते, म्हणून खाली प्रमाण मराठी किंवा इंग्रजी येते. काही शब्द त्या वाटेवर मरतात. कणसरी हे कणसातून आलेले नाव. ती धान्य आहे, देवी आहे, घरातली बाईही आहे. उपशीर्षकात ती ‘धान्यदेवता’ होते आणि एकदम मंदिरात जाऊन बसते. धवलेरीला ‘पुजारीण’ करतात. ती लग्न लावते, तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे जात नाही, ब्राह्मणाचे काम तिथे बाई करते, ही खरे तर फितीत सांगण्यासारखी बातमी. ‘भगत’चे भाषांतर ‘मांत्रिक’ होते आणि प्रेक्षक घाबरतो. आणि ‘लग्नगडी’ हा शब्द तर कुठेच येत नाही. लग्नासाठी कर्ज काढले आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघे जमीनदाराकडे आयुष्यभर राबले, तो लग्नगडी. लग्नाच्या चौकाचे इतके देखणे चित्रीकरण करणाऱ्यांना हा शब्द माहीत असता, तर त्याच भिंतीकडे त्यांनी वेगळ्या डोळ्यांनी पाहिले असते.

दुसरी गोष्ट संमतीपत्राची. चित्रीकरण संपले की कागद पुढे येतो. इंग्रजीत. आवाज, चेहरा आणि गोष्ट सर्व माध्यमांत, जगभर, कायमची वापरण्याची परवानगी. खाली सही, नाहीतर अंगठा. सावकाराच्या कागदावरच्या अंगठ्यांशी याची बरोबरी करणे अतिशयोक्ती होईल, कारण इथे जमीन जात नाही. तरीही न वाचता येणाऱ्या भाषेतला कागद आणि त्यावर आदिवासीचा अंगठा, हे चित्र या दोन तालुक्यांत तरी निष्पाप राहिलेले नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले; चित्र चोरणाऱ्याला आता निदान विचारता येते. गोष्टीला आणि चेहऱ्याला तसे काही नाही. मला हेही नोंदवावेसे वाटते की २००४ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवात सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली तेव्हा माहितीपटकारांनी एकजुटीने ‘विकल्प’ उभा केला आणि स्वतःच्या आविष्कारासाठी झगडा दिला. मोठी गोष्ट. पण ज्यांना आपण चित्रित करतो त्यांचा आविष्कार, त्यांचा नकार, हा विषय तेवढ्या हिरिरीने कधी चव्हाट्यावर आला नाही.

आणि चौकटीबाहेर काय राहते ते पाहा. पावसाळा सरला की इथली तरुण मुले खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांवरच्या बोटींवर चढतात. समुद्रातली सीमारेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात जे भारतीय मच्छीमार अडकतात त्यांत डहाणू-तलासरीचे आदिवासीही असतात. डोंगरातला माणूस कराचीच्या तुरुंगात. माहितीपटाला यापेक्षा मोठा विषय काय हवा? पण वारली म्हणजे जंगल, हे इतके ठरून गेले आहे की त्याला बोटीवर पाहण्याची कल्पनाच कोणाला सुचत नाही. कच्छमध्ये सीमेपलीकडे जाणारे गाणे ऐकणाऱ्या दिग्दर्शकांचा कान इथे असता तर, असे अनेकदा मनात येते. वापी-सरीगामच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या मुलीही या फितींत नाहीत. बुलेट ट्रेनची आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची जमीनमोजणी तलासरीतून गेली. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून चित्रफिती फिरतात, आणि दोन्हीकडे सजावटीला तीच त्रिकोणी अंगांची पांढरी माणसे नाचत असतात.

अपवाद आहेत, आणि ते पैशाने मोठे नाहीत. गावातल्याच पोरांनी मोबाइलवर केलेल्या काही फिती मी पाहिल्या. आवाज खराब, कॅमेरा हलतो, लांबी नको तितकी. पण त्यांत उपशीर्षक नाही, कारण ते कोणासाठी केले आहे हे त्यांना ठाऊक आहे. बाई बोलता बोलता थांबते, कॅमेराही थांबतो. संकलकाने ती शांतता कापलेली नाही. पोरगा तिला ‘आये’ म्हणून हाक मारतो तेव्हा फितीला तिचे नाव सांगण्याची गरज उरत नाही. व्यावसायिक कंपन्यांनी या पोरांना दोन दिवसांचे ‘स्थानिक साहाय्यक’ म्हणून घेण्याऐवजी संकलनाच्या खोलीत बसवले, तर कणसरी मंदिरात जाऊन बसणार नाही, आणि मे महिन्यात तारपाही वाजणार नाही. खर्च फार नाही. तलासरी ते मुंबई एसटीचे भाडे आणि दोन आठवड्यांची मजुरी.

दिवाळी उलटली की अच्छाडच्या नाक्याजवळ, महामार्गाच्या कडेला, पहाटे टेम्पो लागतात. वीटभट्टीला निघालेली कुटुंबे भांडी, गोधड्या, कोंबड्या घेऊन त्यांत चढतात, आणि पोरे शाळेच्या पिशवीसकट. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ते सुरू झालेले असेल. कॅमेरे तोवर परतलेले असतात, कारण तारप्याचे दिवस संपलेले असतात.